घरच्या दावणीचा लॅपटॉप

मारक्या म्हशीच्या मागच्या पायाशी उकिडवं बसून तिच्या सडाला हात घालताना जोतीराम चौगुलेचा हात कधी कापला नव्हता. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या गारेगार दुकानात मात्र दोन लॅपटॉपांपुढं उभं राहिल्यावर त्याच्या तळव्यांना घाम फुटला. त्यानं तळवे लेंग्याला पुसले. परत फुटला.

डावीकडचा लॅपटॉप रुपेरी होता, पोरांच्या वहीएवढा पातळ. उजवीकडचा काळा, जाडजूड, मागच्या बाजूला जाळ्या. मधे सेल्समन मोहित. याचं तोंड सकाळी दुकानाच्या शटरबरोबर उघडत असावं आणि शटरबरोबरच मिटत असावं.

"काका, बेसिकली काय आहे, हा एव्हरीडे यूजचा. लाईट आहे, बॅटरी दिवसभर. आणि हा गेमिंगचा. हा बीस्ट आहे काका, बीस्ट. काहीही टाका, नुसता पळतो."

"पळतो म्हंजे?"

"म्हणजे फास्ट चालतो."

"आन् गेमिंग म्हंजे खेळायचा? आमच्या पोरीला खेळायचं न्हाय. कॉलेजला हाय ती."

"आबा, नाव तसं असतंय," शेजारी उभी असलेली क्रांती खालच्या आवाजात म्हणाली. "आमच्या वर्गात बी तसलाच लागतोय."

मोहितनं काळा चालू केला. बटणांखाली लाल उजेड पेटला आणि जाळीतनं फोंऽऽ करत वारं बाहेर आलं. जोतीराम अर्धं पाऊल मागं सरला.

"फुरफुरतोय की हो ह्यो."

"लोड आला की फॅन फिरतो, काका. नॉर्मल आहे. एरवी एकदम शांत."

एरवी एकदम शांत. तीस वर्षं तो हातकणंगल्याच्या आसपास जनावरांची दलाली करत होता आणि खोडीच्या प्रत्येक म्हशीचा मालक त्याला हेच सांगत आला होता: नवी जागा हाय म्हणून बिचकतीया, एरवी लई गरीब हाय. फरक एवढाच की म्हशीचे दात बघता येतात, कास बघता येते, चार पावलं चालवून खुराचा अंदाज येतो. ह्या काळ्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हेच त्याला कळेना.

आणि चुकून चालणार नव्हतं. क्रांती आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षी पेन्सिल आणि मोठाले कागद होते. आता सगळ्या इमारती कॉम्प्युटरवर उभ्या करायच्या. मैत्रीण अवंतिका तिचं काम उरकलं की आपला लॅपटॉप द्यायची, पण तोवर क्रांतीची एसटी यायची आणि काम अर्ध्यात राहायचं. आता सरांनी बजावलं होतं, महिनाअखेर स्वतःचं मशीन नसेल तर सबमिशन धरणार नाही. लॅपटॉप घ्यायचा तो एकदाच. चुकीचा घेतला तर पोरीचं वर्ष गेलं.

"तुला कसला पायजे?" जोतीरामनं विचारलं.

"मला हलका चालंल," क्रांती म्हणाली. नजर मात्र काळ्यावर होती.

जोतीरामनं ते बघितलं. मग तिच्या उजव्या खांद्याकडं बघितलं.

"चार दिवसांनी येतो," तो म्हणाला आणि दुकानातनं जवळजवळ पळालाच.

जनावरांच्या दलालांत, म्हणजे हेड्यांच्यात, एक रीत आहे. दुसऱ्यासाठी हजार जनावरं पारखावीत, पण आपल्या घरच्या दावणीला बांधायचं जनावर आपण निवडू नये. त्याला दुसऱ्या हेड्याचा डोळा लावावा. घरचं म्हटलं की माणसाला जनावर दिसत नाही, आपल्याला काय हवं तेवढंच दिसतं. आणि दुसऱ्यानं एकदा बोट ठेवलं की मालकानं फक्त दोनच गोष्टी करायच्या: हो म्हणायचं, नाहीतर मोकळ्या हातानं घरी जायचं.

ही रीत जोतीरामनं एकदाच मोडली होती. सहा वर्षांपूर्वी कपाळावर चांद असलेली एक म्हैस त्याच्या मनात भरली. त्यानं कुणालाच विचारलं नाही, दावं धरून घरी आणली. तिसऱ्या दिवशी तेरा वर्षांची क्रांती वैरण टाकायला वाकली आणि म्हशीनं लाथ झाडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. ते पुढं जुळलं, पण उजवा खांदा किंचित खाली राहिला. त्या बाजूला अडकवलेली पिशवी आजही घसरते. घरात कुणी जोतीरामला एका शब्दानं बोललं नाही. तेव्हापासून घरासाठी साधा पंखा घ्यायचा तरी त्याला धडकी भरायची.

म्हणून पुढच्या बाजारी तो वडगावला गेला आणि तिथं त्यानं कबनूरच्या गुंडू हेड्याला शोधून काढलं. दोघांचं हाडवैर. एकाच म्हशीवर दोघांचा डोळा पडायचा आणि मग सगळ्या बाजाराची करमणूक व्हायची. गुंडू चहाच्या गाड्यापाशी बशीत चहा ओतून फुंकर मारत होता.

"गुंड्या, एक काम हाय."

"तुजं? माज्याकडं? सूर्य कुटनं उगवला बघू दे जरा."

"पोरीला लॅपटॉप घ्यायचा हाय. तू यायचं बघायला."

गुंडूनं बशी खाली ठेवली. "लेका, मला टीव्हीचा रिमोट कळत न्हाय. बायको लावून देती तवा मी बातम्या बघतोय."

"मला तरी कुटं कळतंय? पर घरच्या दावणीचं हाय."

ते ऐकल्यावर गुंडूच्या तोंडावरचं हसू गेलं. सहा वर्षांपूर्वीचं त्यालाही माहीत होतं.

"कवा जायाचं?" त्यानं विचारलं.

गुरुवारी तिघं दुकानात शिरले. गुंडूच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि चालणं असं की ह्या दुकानातली निम्मी जनावरं यानंच विकलीत. मोहितनं "बेसिकली" म्हणायला तोंड उघडलं.

"पावणं, जरा दम खावा," गुंडू म्हणाला. "आमी जनावर बघाय लागलो की मालकानं बोलायचं नसतंय."

त्यानं काळ्याच्या जाळीवर पंजा ठेवला. "अंग तापतंय." रुपेरी दोन बोटांत उचलून बघितला. "ह्यो म्हंजे नुसता पापड हाय." मग त्यानं दोन्हीकडं पाठ केली आणि क्रांतीपुढं स्टूल ओढून बसला.

"पोरी, तू दिवसभर काय करतीस ते सांग. उटल्यापास्नं."

क्रांतीनं सांगितलं. सातची एसटी, कोल्हापूरपर्यंत उभ्यानं. खांद्याला सॅक, हातात कागदाची भली मोठी गुंडाळी. पाचपर्यंत कॉलेज. मग अवंतिकाचं काम संपायची वाट. मग परत एसटी, परत उभ्यानं.

"काळा भर सॅकमधी. त्याचं ते वायरचं बी भर. आन् ह्या जिन्यानं खाली जाऊन वर ये."

"काका, डेमो पीस बाहेर नाही नेता येत," मोहित घाबरून म्हणाला.

"मग तुमी बी जावा की तिच्या मागनं. कोण अडवतंय?"

क्रांती जिना उतरली, तिच्यामागं मोहित. जोतीराम दारात उभा राहून बघत होता. चढताना सॅक उजवीकडनं घसरली, तिनं हिसका देऊन वर ओढली, परत घसरली. वर आली तेव्हा ओठ आवळलेले होते.

"बघितलंस न्हवं?" जोतीराम घाईघाईनं म्हणाला. "खांदा कसा वडला ते? काळा झेपायचा न्हाय हिला. हलकाच घेऊ."

सकाळपासनं पहिल्यांदाच त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. गुंडूनं ते टिपलं आणि मोहितकडं वळला.

"पावणं, आता बोला. खरं बोला. हलक्यावर हिचं काम हुतंय?"

मोहितनं एकदा दोघांच्या तोंडाकडं बघितलं. "चालू होईल काका. पण मोठी फाईल आली की अडकणार. बंदही पडेल."

"ऐन कामात?"

"हो."

गुंडू परत क्रांतीकडं वळला. "काळा घेतला तर बांदायचा कुटं?"

"बांदायचा म्हंजे?"

"रोज एसटीतनं मिरवायचा, का एका जागी ठेवायचा?"

क्रांतीनं वडलांकडं बघितलं, खाली बघितलं. "अवंतिकाच्या खोलीत एक कॉट रिकामी हाय," शेवटी ती म्हणाली. "इथंच, सातव्या गल्लीत. कॉलेज चालत धा मिनटं. ती तीन म्हैने झालं बोलवतीया."

"मग घरात बोलली न्हाईस?"

"आबा न्हाय म्हणतील."

"इचारलंस?"

"न्हाय."

जोतीरामला दुकानाचा गारठा एकदम अंगात शिरल्यासारखा झाला. इतके दिवस तो खांदा, खांदा करत होता. खांद्याची काळजी खोटी नव्हती. पण तिच्या आड दुसरं एक भय दबा धरून बसलं होतं, ते आता समोर येऊन उभं राहिलं. संध्याकाळी फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज, मग अंगणात चपला. हलका लॅपटॉप पोरीला रोज घरी आणणार होता. काळा आणणार नव्हता.

"जोत्या," गुंडू म्हणाला, "तुला हलका कशापायी पायजे ते कळलं मला. म्हणून तर आपल्यात रीत हाय."

"परगावात ती एकटी..."

"एकटी कुटली? दोगी हाईत."

"दुखलं-खुपलं तर? काय झालं तर कोण हाय जवळ?"

"जवळच हुतास की तू, खांदा मोडला तवा."

बोलून गेल्यावर गुंडूनं स्वतःच मान खाली घातली आणि टॉवेलचं टोक उगाचच पिळत बसला. सहा वर्षं जे घरात कुणी बोललं नव्हतं, ते ह्या वैऱ्यानं बोलून टाकलं होतं.

"काळा," गुंडू जमिनीकडं बघतच म्हणाला.

आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. हो म्हणायचं, नाहीतर मोकळ्या हातानं घरी जायचं. जोतीरामनं दाराकडं बघितलं. तिथनं एसटी स्टँडला रिक्षा मिळाली असती. संध्याकाळी पोरगी घरी, उद्याही घरी, आणि महिनाअखेरीला तिचं वर्ष गेलं की कायमचीच घरी. तेवढ्यात त्याची नजर क्रांतीवर गेली. त्याला वाटलं होतं, तिचा चेहरा फुलला असेल. तो पांढरा पडला होता.

"आबा," ती म्हणाली, "मला बी भ्या वाटतंय."

जोतीरामनं तळवे पुन्हा लेंग्याला पुसले.

"घे," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक आला की मोहितला परत विचारावं लागलं.

त्यानंतर गुंडूनं बाजारातल्या सवयीनं मोहितचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि आतनं बोटं दाबून भाव करायला लागला. मोहितनं विजेचा झटका बसल्यासारखा हात काढून घेतला. "काका, प्राईस फिक्स आहे. पण बॅग देतो, चांगल्यातली देतो." गुंडूनं बॅगेची शिवण ताणून बघितली आणि दोन्ही खांद्यांचे पट्टे तपासूनच ती पसंत केली.

रविवारी जोतीराम लॅपटॉप, वळकटी आणि डब्याची पिशवी घेऊन सातव्या गल्लीत क्रांतीबरोबर उतरला. घरमालकीण जिन्याच्या तोंडाशीच उभी होती.

"पुरुषमाणसांनी वर जायचं नाही. वडील असले तरी. मुली राहतात."

"व्हय व्हय," जोतीराम म्हणाला आणि जागच्या जागी थांबला.

अवंतिका वळकटी घेऊन पुढं गेली. क्रांतीनं बॅगेचे दोन्ही पट्टे चढवले आणि ती वर निघाली. जिना वळला तशी ती दिसेनाशी झाली. आता नुसती पावलं. घरमालकीण पाणी किती वाजता येतं, गीझर कधी लावायचा, दार कधी बंद होतं, सगळं एका दमात सांगत होती. जोतीराम मान हलवत होता आणि वरची पावलं मोजत होता. अकरा, बारा. थांबली. त्याचा एक पाय पहिल्या पायरीवर गेला. घरमालकिणीनं पायाकडं बघितलं. त्यानं तो हळूच खाली घेतला.

वर पट्टा ओढल्याचा आवाज आला. मग परत पावलं. तेरा, चौदा, पंधरा. दार उघडलं, अवंतिका काहीतरी बोलली, क्रांती हसली का काय ते नीट कळलं नाही, आणि दार लागलं.

"काका, तुमची एसटी कितीला?" घरमालकिणीनं विचारलं.

"हाय की," जोतीराम म्हणाला. "निगालोच की मी." आणि वरच्या बंद दाराकडं कान लावून तसाच उभा राहिला.