विल्यमचे वकील

सहा-सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं वकीलपत्र घेतलेला वकील अख्ख्या निजामाच्या राज्यात एकच होता आणि तो मुरुमला आमच्या शेजारी राहत होता. जिवंत अशिलांना वकीलसाहेब ओट्यावर ताटकळत ठेवत. हा अशील मात्र आतल्या कपाटात, रेशमी रुमालात गुंडाळलेला असे. एकोणीसशे चाळीसच्या आसपास कधीतरी त्यांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून विलायती कायद्याचं एक जाडजूड पुस्तक आणलं. वाळवीनं पुठ्ठा पोखरला तेव्हा आत कातड्याची एक पट्टी दिसली, तिच्यावर बारीक काळ्या ओळी. कुठल्या तरी जुन्या बाइंडरनं रद्दीतला हुकूम कापून पुठ्ठ्याला आतून चिकटवला होता.

त्या दिवसापासून गावात कुणी शिकलेला माणूस उतरला की वकीलसाहेब त्याला जेवायला धरून आणत आणि सुपारीच्या आधी ती पट्टी पुढं करत. गुरांचे डॉक्टरसुद्धा सुटले नाहीत. शेवटी लॅटिन येणारे एक म्हातारे पाद्री हाती लागले. भिंगातून बघत ते म्हणाले, "राजाचा हुकूम आहे, जिल्ह्याच्या हाकिमाला. कुणा विल्यमची जमीन हिसकावलीय, ती विनाविलंब परत द्यावी. पुढचं कापलंय."

"मिळाली का मग?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मिळाली की नाही, ते हाकीम त्याच हुकमाच्या पाठीवर लिहून परत पाठवत," पाद्री म्हणाले.

ऐकून वकीलसाहेबांचा घास हातातच राहिला. आमच्या कोर्टातही हीच रीत होती. चपराशानं गावी जायचं, हुकूम बजावायचा आणि कागदाच्या पाठीवर 'तामील झाली' असं लिहून आणायचं. लिहायचं मात्र गावी खरंच जाऊन आल्यावर. वकीलसाहेबांच्या ऐन उमेदीत त्यांची अशील असलेल्या सास्तूरच्या एका बाईला शेताचा ताबा द्यायचा हुकूम निघाला आणि चपराशानं वाटेवरच्या लोहाऱ्यातच लिंबाखाली बसून 'तामील झाली' लिहून टाकलं. वकीलसाहेबांनी कोर्टाशी भांडून ते खोटं शाबीत करेतो बाई वारली. तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की ते आधी उलटा करून बघत, लग्नपत्रिकासुद्धा.

पण विल्यमच्या हुकमाची पाठ पुठ्ठ्याला घट्ट चिकटलेली. सोडवावी तर फाटायची भीती, न सोडवावी तर जिवाला चैन नाही. पावसाळ्यात ते पुस्तक चुलीजवळ ठेवत, अशिलाला ओल लागू नये म्हणून. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणायच्या, "तुमीच बोला भाईसाब, त्याला शेत मिळाल्याबिगर त्यो माझं कपाट सोडत न्हाय."

एका दुपारी मला बोलावणं आलं, तेही स्वयंपाकघरात. पातेल्यात पाणी उकळत होतं. "तुमी पंच," वकीलसाहेब म्हणाले. वाफेवर धरून, चाकूच्या टोकानं त्यांनी पट्टी हळूहळू सोडवली आणि श्वास रोखून उलटी केली. पाठ कोरी होती.

"कापलेल्या भागावर असेल हो," मी म्हटलं.

"न्हाय. कुणी गेलंच न्हाय," ते म्हणाले. मग त्यांनी दौत मागवली, चष्मा पुसला. खोट्या तामिलीपायी ज्यांनी अर्धं कोर्ट अंगावर घेतलं होतं, त्याच वकीलसाहेबांनी त्या कोऱ्या पाठीवर स्वच्छ उर्दूत लिहिलं, 'तामील झाली. जमीन मिळाली.' खाली सही केली आणि टाक माझ्या हातात दिला. "सास्तूरच्या बाईला न्हाय मिळालं. ह्याला तरी मिळू द्या."

मी पंच म्हणून सही केली. संध्याकाळी गल्लीभर पेढे वाटले गेले. कुठला खटला जिंकला म्हणून लोक विचारत, तेव्हा भाभी सांगत, "लई जुना हुता."

आता वकीलसाहेब नाहीत. कागद हातात आला की मीही आधी उलटा करून बघतो, आणि पाठ कोरी निघाली की मला त्यांची फार आठवण येते.