जावेचं माफीपत्र

लातुरात शिकवण्यांना आलेल्या मुलींच्या वसतिगृहात मी अकरा वर्षं रेक्टर आहे. यंदा संस्थेनं सगळ्यांची पोलीस पडताळणी मागितली आणि माझ्या नावावर शिक्षा निघाली.

सासर कंधार तालुक्यातलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हातपंपावर नंबरावरून भांडण झालं आणि माझ्या चुलत जावेचं डोकं फुटलं. मी कळशी उगारली होती हे खरं. ती लागली का, हे मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. पोर अंगावर पीत होतं. वकील म्हणाला, "कबूल करून टाका, तारखा वाचतील." पहिल्याच तारखेला मी हो म्हणाले, दंड भरला, कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसले आणि घरी येऊन भाकरी थापल्या. त्याला शिक्षा म्हणतात, हे यंदा कळलं.

संस्थेचं म्हणणं, निदान माफीचा अर्ज केल्याचा कागद आणा, नाहीतर दुसरी बाई बघतो. लातूरच्या वकिलांनी राज्यपालांच्या नावे अर्ज लिहिला. 'केल्या कृत्याचा पश्चात्ताप होत आहे' हे वाक्य त्यात दोनदा. सोबत जखमी बाईनं माफ केल्याचं पत्र हवं, तिच्या हातचं.

एसटीनं गावी गेले. जाऊ शेंगा फोडत बसलेली.

"अजून लोकाच्या पोरी राखायलीस का?"

"ते टिकावं म्हणूनच आले, अक्का." मी सगळं सांगितलं.

ती हसायलाच लागली. "तू कुठं मारलीस गं मला? शेवाळावरून घसरले मी. डोकं पंपावर आपटलं."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"फिर्याद ह्यांनी दिली. तू तर पहिल्याच तारखेला हाव म्हणलीस. मला कुणी इचारलंच न्हाई. आन् राग होताच की तुझा, खोटं कशाला बोलू?"

तिनं तसंच लिहून दिलं. मला वाटलं, काम झालं.

वकिलांनी पत्र वाचून परत केलं. "हे जोडता येत नाही, बाई. गुन्हा केलाच नाही म्हणायचं तर अपील करा. मुदत केव्हाच गेली, म्हणजे आधी उशिराची कारणं द्या, मग पुन्हा तारखा. माफी मागायची तर तुम्ही मारलेलं पाहिजे."

पुन्हा तारखा करायचं त्राण माझ्यात नव्हतं. रविवारी परत गाडीत बसले.

जावेनं ऐकून घेतलं आणि कागद मांडीवर ओढला. "खरं लिहिलं तर चालंना व्हय तुमच्या सायबाला? सांग. मारलं असं लिहू?"

"लिहा."

"लई का थोडं?"

हे वकिलांना विचारायचं राहिलं होतं. फोन लावला, त्यांनी उचलला नाही.

"लई लिहा, अक्का," मी म्हणाले. "मला साडेतीनची गाडी धरायची आहे."