तिसरं शील

"नाटक करतात हो मॅडम," विलास म्हणाला. "कालचं आठवत नाही, पण रुसायचं बरोबर आठवतं."

"तुम्ही बाहेर बसा," मी म्हटलं. वडिलांसमोर असं बोलणाऱ्या मुलांचा मला संताप येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बदलापूर पश्चिमेला माझं क्लिनिक होतं. पाटीवर नुसतं माझं नाव. 'मानसोपचार' लिहिलं असतं तर चिटपाखरू फिरकलं नसतं.

समोर आबा बसले होते. दाढी वाढलेली, नजर फरशीवर. आबा मांजर्लीतले बौद्धाचार्य. म्हणजे लग्नात, नामकरणात पुढे उभं राहून वंदना म्हणणारे. ते एक ओळ म्हणणार, मग सगळे मागून. अर्ध्या बदलापूरची लग्नं त्यांनी लावलेली.

एका नामकरणात पंचशील म्हणताना ते तिसऱ्या शीलावर अडकले. पुढचा शब्दच येईना. कोणी हसलं नाही. पुढच्या रविवारी विहारात त्यांचा सत्कार झाला. शाल, हार, पहिल्या रांगेत खुर्ची. "आबा, खूप केलंत. आता आराम करा." सगळं प्रेमानंच. तेव्हापासून आबांचं जेवण तुटलं, बोलणंही.

मी आबांना लक्षात ठेवायला तीन शब्द सांगितले. आंबा, बस, चावी. थोड्या वेळानं विचारलं.

"नाही येत."

"आठवून तरी बघा."

"कशाला?"

इथे एक सांगते. नुसता विसराळूपणा असलेला माणूस बहुधा सारवासारव करतो, हसून विषय बदलतो. डिप्रेशनमधला माणूस आधीच हात वर करतो. आबांना दोन्ही होतं. विसरणं थोडं होतं, दुःख डोंगराएवढं. आणि दुःखानं विसरणं आणखी वाढतं.

"आबा, तुम्हाला काय हवंय?"

फरशीकडे बघतच म्हणाले, "सुजाताचं लग्न मी लावणार होतो." सुजाता म्हणजे नात, विलासची मुलगी.

मी गोळ्या लिहून दिल्या. विलासला आत बोलावलं. "रोज सकाळी आबा म्हणतील, तुम्ही मागून म्हणायचं. अडकले तर पहिला शब्द सुचवायचा. लग्न तेच लावतील."

"कंपनीची बस चुकेल, मॅडम."

"मग लवकर उठा."

उठला बिचारा. आनंदनगर एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाण्याआधी वडिलांसमोर बसू लागला. हळूहळू आबा जेवू लागले. एकदा तर दाढी करून क्लिनिकमध्ये आले. "डॉक्टरबाई, लग्नाला यायचं हं!" विसरणं तेवढंच राहिलं. तिसऱ्या शीलावर अजून अडकत होते, पण विलास शब्द द्यायचा आणि गाडी पुढे जायची.

लग्न हेंद्रेपाड्याच्या मैदानात होतं. आबा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत माइकपाशी आले. घसा साफ केला. तेवढ्यात कर्ण्यातून भलत्याच माणसाचा खणखणीत आवाज आला. विलासनं वंदनेची कॅसेट लावली होती.

आबांनी माइककडे पाहिलं, मग मुलाकडे. हात जोडले आणि सगळ्यांबरोबर टेपच्या मागून म्हणू लागले. पाचही शीलं म्हटली. कुठेच अडकले नाहीत.

"मुलाकडचे पाहुणे कल्याणहून आलेत, मॅडम," विलास माझ्याजवळ येऊन पुटपुटला. "आबांची इज्जत जायला नको म्हणून..."

"आबांची की तुमची?"

तो मान खाली घालून निघून गेला.

नंतर आबा एकदा आले. "टेप विसरत नाही, डॉक्टरबाई." मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण ते हसले नव्हते. मी गोळ्या वाढवल्या, बदलल्या. विलास पहाटे समोर बसून विनवायचा. आबा तोंडच उघडत नसत. त्या हिवाळ्यात गेले. कागदावर न्यूमोनिया लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीला, मी गेले. वंदना म्हणायला विलास स्वतः पुढे उभा राहिला. तिसऱ्या शीलावर त्याला रडू फुटलं, शब्द सुचेना. मागून एका बाईनं शब्द दिला. त्यानं डोळे पुसले आणि पुढे म्हटलं. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता विसराळू म्हातारं माणूस घेऊन कोणी आलं, की गोळी लिहिण्याआधी मी घरच्यांना विचारते, "यांचं काम कोणी काढून घेतलं?" बहुतेक जण सांगतात, "आम्ही आरामच दिलाय."