घासून परत येणारा डबा

ती घटना आठवली की आजही मला सगळ्यात आधी एक डबा दिसतो. स्टीलचा, तीन पुडांचा, लखलखीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण माझ्या टेबलावर इतका स्वच्छ मुद्देमाल कधी आला नाही. त्यातली माणसं अजून त्याच भागात राहतात, म्हणून नावं सांगत नाही.

मी तेव्हा कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. हजेरीच्या बाबतीत मी भलताच कडक. कोण रजेवर, कोण सिक म्हणजे आजारी, कोण गैरहजर, हे लिहायला ठाण्यात हजेरी मास्तर असतो. आमचा हजेरी मास्तर सकाळी वही घेऊन माझ्यासमोर आला की आधी घाम पुसायचा. त्या मंगळवारी तिघं जण सिक होते, तिघंही स्थानिक, आणि माझं डोकं फिरलेलं होतं. तेवढ्यात भिसेगावची एक बाई आत आली आणि तिने टेबलावर डबा ठेवला, शेजारी एक पत्र.

पत्र साजगावच्या एका कारखान्याचं, तिच्या नवऱ्याच्या नावाने आलेलं. आपण सलग आठ दिवस विनापरवाना गैरहजर आहात, शुक्रवारपर्यंत समक्ष येऊन लेखी कारण न दिल्यास आपले नाव पटावरून कमी करण्यात येईल.

"सायब, माझा नवरा रोज सकाळी डबा घेऊन कामाला जातो," बाई म्हणाली. "आन् कंपनी म्हनते तो आलाच नाय. मग मी डबा भरते कुनासाठी?"

"संध्याकाळी घरी येतो?"

"येतो की. जेवतो, झोपतो."

रोज घरी येणाऱ्या माणसाची बेपत्ता म्हणून नोंद घेता येत नाही, हे मी तिला कायद्याने समजावलं. ती ऐकून घेऊन खुर्चीत आणखी नीट बसली. म्हणाली, "डबा बघा. सात वर्षं संसार केला, यानं कधी डब्यात पाणीसुदिक घातलं नाय. आता रोज घासून आनतो. राखेनं घासलेला. माझ्या घरात राख कुठली, गॅस हाय. आन् मानेवर वरखडे. इचारलं तर म्हनतो पत्रा लागला."

घासलेला डबा आणि मानेवर ओरखडे. माझ्या मनात जे यायचं ते आलं. तिच्याही तेच होतं, फक्त ते ती तोंडाने म्हणत नव्हती. नवऱ्याला तिने पत्र दाखवलं नव्हतं. म्हणाली, "त्याला इचारलं तर खोटंच सांगल. सहा वर्षं कंत्राटावर राबला तवा परमनंट झालाय. नोकरी गेली तर खायाचं काय? आन् तो दुसरीकडं गेला असल तर ते बी मला कळाया पायजे." मी अर्ज आणि नवऱ्याचा फोटो घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि जीप काढायला सांगितली.

कारखान्यात एचआर मॅडम भेटल्या. वय अठ्ठावीस-तीस, पुण्याच्या, अतिशय टापटीप. त्यांनी भिंतीएवढ्या पडद्यावर सगळ्या कामगारांची हजेरी उघडली. हिरवा चौकोन म्हणजे हजर, पिवळा म्हणजे रजा, लाल म्हणजे न सांगता गायब. आमच्या माणसाची ओळ वर्षभर हिरवीगार आणि शेवटी आठ लाल.

"पण हा एकटाच नाही," मॅडम म्हणाल्या. "या महिन्यात इथे सगळ्यांचीच कंबर दुखते. बावीस जणांची सर्टिफिकेटं आलीत. कामाच्या मशीनला काही दोष आहे का, हे तपासायला माणूस बोलावलाय मी." आणि मग विचारलं, "तुमच्याकडे गैरहजेरीचं कसं करता?"

"कडक," मी म्हणालो. ठाण्यातले तीन सिक मला आठवत होते, पण ते बोलायची गरज नव्हती.

त्याच्या सुपरवायझरला बोलावलं. पन्नाशीचा गृहस्थ. "मला काय बी माहीत नाय सायब," असं त्याने मी प्रश्न विचारायच्या आधीच सांगितलं. याला माहीत आहे एवढं मला तेव्हाच कळलं, पण मॅडमसमोर तो तोंड उघडणार नव्हता.

खबर मिळाली ती चौक गावातून. तिथल्या एका गॅरेजवाल्याकडे आमचं येणं-जाणं होतं. फोटो दाखवल्याबरोबर तो म्हणाला, "हा रोज आठला येतो. गाडी माझ्याकडं लावतो, मागं जाऊन कपडे बदलतो. मग एक बाई स्कूटी घेऊन येते. हा डबा तिच्याकडं देतो आन् मागं बसून जातो."

"बाई कशी आहे?"

"चांगली हाय," गॅरेजवाला म्हणाला आणि माझा चेहरा बघून पाना उचलून कामाला लागला.

आता हे भिसेगावला जाऊन कुणी सांगायचं? मी पोलीस असलो तरी माणूस आहे. बुधवारी सकाळपर्यंत मी तो विषय टाळला.

बुधवारी हजेरीला एक सिक हवालदार परत आले. डॉक्टरचं सर्टिफिकेट पुढे केलं, त्यावर ताप असं लिहिलं होतं. मी सही करायला पेन उघडलं आणि त्यांच्या मानेकडे नजर गेली. मानेवर बारीक लाल ओरखडे, हातांवर तसेच, दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी त्यांना केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं.

"हवालदार, ताप मानेला आला होता का?"

वीस वर्षांची नोकरी झालेला माणूस, शेकडो आरोपींचे जबाब घेतलेला. अर्ध्या मिनिटात कबूल झाला. "सायब, भात पिकून पडत होतं. कापायला मानूस मिळत नाय. कापलं, भारे वाहिले. भाऱ्याची कुसं मानेला लागतात."

मी सोलापूरकडचा, ज्वारीच्या मुलखातला. भाताचा भारा मानेला काय करतो हे मला कुठून माहीत असणार? बावीस कंबरा कशाने दुखत होत्या ते आता कळलं. मी फोटो पुढे सरकवला. हवालदारांनी तो ओळखला, आणि स्कूटीवरची बाईही सांगितली.

"ती त्याची सख्खी वयनी. मोठ्या भावाचा पाय मोडलाय, प्लास्टरात हाय. शेत उभं हाय. पन सायब, दोन घरांत पाच वर्षं बोलनं नाय. पुतनीच्या लग्नात मानाची साडी आधी दुसऱ्या जावेला दिली, त्यावरनं झालं. याच्या बायकोनं शपथ घातलीय, आपल्या घरातलं कुनी तिकडं पाऊल टाकायचं नाय म्हनून."

"तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"सगळ्या पट्ट्याला माहीत हाय. तुमी इचारायला मी हजर नव्हतो ना."

गुरुवारी त्या बाईला जीपमध्ये घेऊन शेतावर गेलो. कुठे चाललोय ते सांगितलं नव्हतं. वळणावर तिला कळलं आणि तिने पदर घट्ट ओढला. शेताच्या बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत मोठा भाऊ पाय लांब करून बसला होता. तिचा नवरा डोक्यावर भारा घेऊन येत होता. पोलिसांची जीप आणि तिच्यातून उतरणारी बायको बघून त्याने भारा तिथेच टाकला. आणि बोअरिंगपाशी मोठी जाऊ राखेने डबा घासत बसली होती.

मला वाटलं, आता इथेच दखलपात्र गुन्हा घडतोय. बाई सरळ बोअरिंगपाशी गेली, जावेच्या हातातून डबा घेतला, उलटा करून बघितला.

"बुडाला राख राहिलीय," ती म्हणाली.

"तुझ्या वांग्याला तेल लय असतं," जाऊ म्हणाली. "निघत नाय गं."

"मग खाता कशाला?"

"चव हाय म्हनून."

जाऊ रडायला लागली, मग हीही. खुर्चीतला भाऊ उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला. थोड्या वेळाने बाईने डोळे पुसले, साडी खोचली आणि नवऱ्याला म्हणाली, "इळा कुठं हाय रं?" खोटं बोलल्याबद्दल त्याला जे ऐकवायचं होतं ते तिने कापता कापता ऐकवलं. संध्याकाळपर्यंत ते पुरलं.

शुक्रवारी मी त्या दोघांबरोबर कारखान्यात गेलो. पत्र बघितल्यापासून नवऱ्याचा चेहरा उतरला होता. त्याचं म्हणणं एकच, मी सुपरवायझरला सांगून गेलो होतो. खरंच होतं ते. दरवर्षी कापणीला कामगारांनी सुपरवायझरला तोंडी सांगायचं, तो जा म्हणायचा, बाकीचे काम सांभाळून घ्यायचे. यंदा हजेरीचं मशीन आलं आणि त्या मशीनला कुणी सांगितलंच नाही. हे सुपरवायझरने अखेर मान खाली घालून मॅडमसमोर कबूल केलं.

तरी फॉर्मवर कारण लागत होतं. दारात एक कामगार मित्र त्याच्या कानात म्हणाला, "कंबर लिही रं." तो पेन घेऊन माझ्याकडे बघत बसला. बायकोने पेन काढून घेतलं आणि लिहिलं: घरचं काम.

मॅडमनी वाचलं. "पण भाऊ वेगळा राहतो ना? पत्ता वेगळा आहे."

"पत्ता वेगळा हाय," बाई म्हणाली. "घर आमचंच हाय."

मॅडम पडद्याकडे वळल्या. मग त्यांनी एक ताकीदपत्र दिलं, लाल चौकोन पिवळे केले आणि कापणीची रजा आधी लिहून मागायची असा कागद नोटीस बोर्डावर लावला. नोकरी राहिली. मशीन तपासायला येणाऱ्या माणसाला त्यांनी येऊ नका म्हणून कळवलं.

ठाण्यात परतल्यावर मी हवालदारांचं सर्टिफिकेट त्यांना परत दिलं आणि खरं कारण लिहून आणायला सांगितलं. त्यांनी लिहिलं, मी मंजूर केलं. हजेरी मास्तरने त्या दिवशी घाम पुसला नाही.

या केसने मला शिकवलं ते हे. वर्षानुवर्षं मी वहीत विनाकारण गैरहजर असा शेरा मारत आलो, आणि कारण विचारायची तसदी कधी घेतली नाही. आणखी एक गोष्ट मनाला लागली. माझाही मोठा भाऊ गावी शेत करतो. दर काढणीला त्याचा फोन यायचा, दर वेळी मी ड्यूटी सांगायचो. माझं हजेरीपत्रक स्वच्छ होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी मी पहिल्यांदा आठ दिवसांच्या रजेचा अर्ज केला. कारण लिहिलं: भावाकडे ज्वारीची काढणी. दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांचा फोन आला. आवाज काळजीचा होता.

"अहो, रजा देतो मी. पण खरं कारण काय ते सांगा."