तांदळातले देव

निवृत्त पोलिसाने आठवण सांगायची म्हटली की लोक खून, दरोडा ऐकायला सरसावून बसतात. माझ्या डोळ्यांपुढून मात्र इतक्या वर्षांनीही हलत नाही तो एक तांदळाचा डबा. हसू नका. त्या डब्यापायी एक निरपराध बाई तुरुंगात जायची होती.

दिल्लीतली द्वारका तेव्हा नुकती वसत होती. सोसायट्यांची फाटकं आधी उभी राहिली, रस्ते आणि पाणी मागाहून आलं. नव्या कंपन्यांत चांगल्या पगारावर लागलेली माणसं राहायला येत, त्यांच्यामागोमाग धुणीभांडी करणाऱ्या बायका येत. मी तिथल्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. वडील वर्ध्याहून सरकारी नोकरीत दिल्लीला आले, मी इथेच वाढलो, इथेच वर्दी चढवली.

एका सकाळी एक मराठी नवरा-बायको लेखी अर्ज घेऊन आले. उन्हाळ्यात ते नवऱ्याच्या आईला घेऊन अमरावतीला गेले होते आणि तिथेच आई वारल्या. दिवसकार्य उरकून परतले तर इथलं देवघर रिकामं. चांदीचे टाक, म्हणजे कुलदैवताची मूर्ती ठोकून उठवलेले लहान पत्रे, आणि पितळेचा बाळकृष्ण, सगळं गायब. आईंनी देव बरोबर घेतले असं दोघांनी धरलं होतं, पण त्यांच्या ट्रंकेत ते निघाले नाहीत. घराची किल्ली कुंड्यांना पाणी घालायला मोलकरणीकडे होती. झालं, एवढ्यावर नवऱ्याने निकाल देऊन टाकला होता. चोरी लिहा म्हणाला, आणि तिचं नाव लिहा.

लोकांना वाटतं, गुन्हा घडतो आणि पोलीस तो लिहून घेतात. छे. देवघर एकच रिकामं, पण कुलूप तुटलं असेल तर घरफोडी. विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू लाटली तर विश्वासघात. नोकराने उचलली तर नोकराची चोरी, ती साध्या चोरीहून जड आणि जामीन मिळायला अवघड. कोणीच नेली नसेल तर नुसती गहाळ. कोणत्या सदरात काय घालायचं ते ठाण्यातला माणूस ठरवतो, आणि त्या सदरांच्या बेरजेवर वरची मंडळी ठाण्याची लायकी ठरवतात. आमच्या ठाण्यात त्या महिन्यात चोऱ्यांचा आकडा फुगला होता. म्हणून ठाणेदारसाहेबांनी अर्जावर नजर टाकून सांगितलं, गहाळ लिहा आणि वाटेला लावा. मी चौकशीपुरता वेळ मागून घेतला.

मोलकरणीला दुपारी बोलावलं, महिला शिपाई शेजारी बसवली. मूळची पानिपतची, तिशीची असेल. घाबरली होती, पण उत्तरं सरळ देत होती. मूर्तींना हात लावला नाही म्हणाली. त्या घरातून आजवर काय काय नेलंस, असं विचारल्यावर तिने लपवाछपवी केली नाही. एक जुना स्वेटर, आणि ते लोक गावी निघाले त्या सकाळी दीदीने, म्हणजे मालकिणीने, दिलेला पिशवीभर तांदूळ. तो तिने भावाबरोबर पानिपतला आईकडे पाठवला होता.

आमचे हवालदार म्हणाले, जरा आवाज चढवा, आत्ता कबूल करेल. चढवला असता तर तिने केलंही असतं कबूल. दमात घेतलं की माणूस खरं बोलतो हा पोलिसांचा लाडका गैरसमज आहे. तो आपल्याला हवं ते बोलतो. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी होते ते मी जवळून पाहिलंय.

पण माझे कान तांदूळ या शब्दावर अडकले होते. आम्ही वर्ध्याला निघायचो तेव्हा माझी आई सगळं आवरल्यावर शेवटी देव तांदळाच्या डब्यात ठेवायची. मागे पूजा करायला कोणी नाही, तर निदान ते अन्नात राहोत, उपाशी नकोत. हात धान्यात खोल घालायची, वर तांदूळ सारखे करायची, आणि डब्याला नमस्कार करून झाकण लावायची. याची कोणाकडे वाच्यता करायची तिला कधी गरज वाटली नाही. घरात सगळ्यांना ठाऊकच असायचं.

मी तक्रारदाराच्या बायकोला, म्हणजे त्या घरच्या सुनेला, बोलावून विचारलं, निघायच्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या होत्या का? पहाटेच गेल्या होत्या म्हणाली. आणि तांदूळ तुम्ही कधी काढलात? टॅक्सी आल्यावर, घाईघाईत. महिनाभरात कीड लागेल म्हणून डबा तसाच पिशवीत उपडा केला होता. मी तिला माझ्या आईची रीत सांगितली. ती दिल्लीतच जन्मलेली, तिच्या कानावर हे कधी आलंच नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे मीच दिले?" ती म्हणाली. "माझ्याच हातांनी?"

पानिपतला जायचं ठरलं तेव्हा ठाण्यातल्या मंडळींना ऊत आला. एकाने सलाम ठोकून म्हटलं, "साहब, इस बार जीत के आना." मराठी माणसाने हे ऐकून घ्यायचंच असतं.

विणकरांच्या वस्तीत एका खोलीत मोलकरणीची आई राहत होती, मुसलमान, मागावर बसून पाठीला बाक आलेला. आम्हाला पाहताच तिने फळीवरून एक कटोरा उतरवला. त्यात मूठभर तांदूळ, तांदळावर टाक आणि बाळकृष्ण, वरून धुतलेला रुमाल. मुलगा आला की त्याच्याबरोबर परत पाठवणार होती, पण तो कामाला लुधियानाला गेला होता.

"किसी के घर के हैं," ती म्हणाली. "नीचे कैसे रखती?"

मी परतलो तर ठाणेदारसाहेबांचा नूरच पालटलेला. माल मिळाला ना, मग आता लिहा नोकराची चोरी, माल हस्तगत, गुन्हा उघडकीस. कालपर्यंत जी चोरी नको होती ती आज पदकासारखी छातीवर लावायची होती. मी म्हटलं, सर, चोरीला बेइमानीचा हेतू लागतो. मालकिणीने दिलं, हिने अजाणता नेलं, तिच्या आईने जपलं. यात बेइमानी दाखवा, मी आत्ता गुन्हा नोंदवतो. साहेबांनी अर्ज माझ्याकडून ओढून घेतला. मग स्वतःच अर्जावर लिहिलं, गुन्हा घडलेला नाही, अर्ज निकाली. माणूस वाईट नव्हता, आकड्यांनी पिचलेला होता.

तक्रारदाराच्या पुढ्यात मी कटोरा ठेवला. तो टाक रुमालाने पुसायला गेला आणि थबकला. खाचांमध्ये कुंकू होतं, वाळून काळपट झालेलं. त्या पहाटे त्याच्या आईने लावलेलं. तो माणूस माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला.

बाहेर बाकावर मोलकरीण बसली होती. सुनेने तिचे हात धरून माफी मागितली, उद्यापासून ये म्हणाली. तिने हात हलकेच सोडवून घेतले.

"नहीं दीदी. अब आपके घर कुछ भी इधर-उधर होगा, तो मुझे डर लगेगा."

ती पुन्हा त्या घरी गेली नाही. त्या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की कागदावर सदर निवडताना आपण कोणाचं तरी आयुष्य निवडत असतो. गुन्हा घडलेला नाही असं लिहिलं तरी तिचं जे गेलं त्याला आमच्याकडे सदर नव्हतं. आणि त्या दिवशी मला माझ्या आईची आठवण जी सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

आता गावी निघताना देव मीच तांदळात ठेवतो. मुलगी चिडवते, बाबा, घरात कॅमेरा आहे की. असू दे. टॅक्सी खाली हॉर्न देत असते, बायको दारातून हाका मारते, आणि माझा हात कोपरापर्यंत त्या गार तांदळात असतो. आई असाच ठेवायची. मला तो लवकर बाहेर काढवत नाही.