कऱ्हाडची मोटर

आम्ही पार्ल्याहून उंब्रजला राहायला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई सोळाची. युद्ध सुरू होऊन अडीच वर्षं झाली होती. रंगून पडल्याची बातमी आली आणि आमच्या चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून हलू लागली. कुणी कोकणात गेलं, कुणी नाशिककडे. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले होते. शाळेत भोंगा वाजला की बाकाखाली पालथं पडायचं आणि दातांत रुमाल धरायचा, असं आम्हाला शिकवलं होतं. मला त्याची गंमत वाटे. एकदा मी बाकाखालीच झोपून गेले होते.

वडील सरकारी कचेरीत नकाशे काढत. आवाज न चढवणारा, शांत माणूस. पण त्या दिवसांत ते जेवून उठले की भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहत आणि अंदमानपासून मुंबई किती लांब हे बोटाने मोजून आईला दाखवत. आईला त्यातलं किती कळे कोण जाणे. ती म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं." एका रविवारी त्यांनी सांगून टाकलं, की आम्ही तिघींनी उंब्रजला त्यांच्या चुलतभावाकडे जायचं आणि त्यांनी नोकरीसाठी मुंबईतच राहायचं.

ताई तेव्हा इंग्रजी सहावीत होती. पुढचं वर्ष मॅट्रिकचं. वर्गात तिचा पहिला-दुसरा नंबर असे आणि गणित तर तिला फार आवडे. ही बातमी कळल्यावर तिच्या शाळेच्या मोठ्या बाई स्वतः आमच्या घरी आल्या. अशा बाई आपल्या खोलीत सतरंजीवर बसल्यात याचंच मला अप्रूप. त्या वडिलांना म्हणाल्या, "मुलीला माझ्याकडे ठेवा. माझ्या घरी आणखी दोघी आहेत. एका वर्षाचा प्रश्न आहे."

वडील म्हणाले, "बाई, तुमचे उपकार आहेत. पण बॉम्ब शाळा बघून पडतो का? ही इथे राहिली तर मला कचेरीत सुचायचं नाही."

बाई म्हणाल्या, "ठीक आहे. परीक्षा न घेता मी तिला वर चढवते. दाखल्यावर तसं लिहून देते. पण तिथे शाळा बघा. एवढं मात्र करा."

ताई दाराच्या आड उभी होती. ती रडली नाही. बाई गेल्यावर तिने कपबशी उचलून विसळली आणि पुस्तकं बांधायला घेतली.

पुण्याला गाडी बदलून आम्ही छोट्या रुळांच्या गाडीने मसूरला उतरलो. वडिलांचे चुलतभाऊ बैलगाडी घेऊन आले होते. त्यांना आम्ही आबा म्हणू लागलो. ते पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेले, डाव्या पायाने किंचित लंगडणारे, मिशा ओठांवर आलेल्या. कृष्णेला पाणी कमी होतं. गाडी पात्रातूनच पलीकडे निघाली आणि मध्यावर आबा मागे वळून आईला म्हणाले, "भिऊ नगा वैनी. हितं ना जपानी येतोय, ना त्येचा बा."

त्यांनी आम्हाला रस्त्याकडेच्या दोन खोल्या दिल्या होत्या. पत्र्याचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, मागे म्हशींचा गोठा. काकींनी चुलीत जाळ घालून ठेवला होता आणि भाकरीचं पीठ काढून ठेवलं होतं. कुणी आम्हाला काही कमी केलं असं मला आजही म्हणता यायचं नाही. वडील आठ दिवस राहिले. निघताना ताईला म्हणाले, "चार महिने. फार तर पाच."

मी तिथे महिन्याभरात रमले. मला म्हशी आवडल्या, नदी आवडली. आईचं मात्र बोलणं कमी झालं. ती सगळ्यालाच "बरं" म्हणे. ताई ओसरीच्या कडेला बसून एकटीच भूमिती सोडवत असे. उंब्रजला मराठी सातवीपर्यंत शाळा होती. इंग्रजी शाळा कऱ्हाडला.

जूनमध्ये आबा आम्हा दोघींना घेऊन कऱ्हाडला गेले. डोक्याला फेटा, कोटावर पलटणीच्या बिल्ल्याची फीत. हेडमास्तरांनी दाखला वाचला, ताईला फळ्यावर एक उदाहरण घातलं, तिने ते सोडवलं. ते म्हणाले, "मुलगी हुशार आहे. वर्गात मुली तिघीच. बसेल मागच्या बाकावर. पण रोज येणार कशी?"

"मोटरनं," आबा म्हणाले.

"एकटी?"

तेव्हा आबांनी माझ्याकडे बघितलं. सोळा वर्षांच्या मुलीला एकटीने मोटरमध्ये बसवायचं नाही, हे न बोलताच ठरलेलं होतं. मलाही कऱ्हाडच्या प्राथमिक शाळेत घातलं, म्हणजे ताईला सोबत होईल.

त्या वेळी पेट्रोल मिळत नसे. प्रवाशांची मोटर कोळशाच्या गॅसवर चाले. मागे बंबासारखं एक उंच पिंप बसवलेलं, त्यात कोळसा पेटवायचा आणि ड्रायव्हरने खाली उतरून पंख्याचा दांडा फिरवत राहायचं. पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन धडधडायला लागे. चढ आला की बाप्ये उतरून चालत. पिंपातला धूर थेट आत येई.

पहिल्याच दिवशी मला मोटर लागली. दुसऱ्या दिवशी लागली. तिसऱ्या दिवशी मी मोटर यायच्या आधी नुसत्या वासानेच रस्त्याच्या कडेला ओकले. काकींनी ओव्याची पुरचुंडी दिली, आबांनी लिंबू दिलं, कुणी म्हणालं पोटावर कागद बांधा. सगळं केलं. कशानेही काही झालं नाही. ताई माझं कपाळ धरून बसे. तिच्याजवळ दोनच पातळं बाहेर नेसण्यासारखी होती, आणि तसल्या वासाच्या पातळानेच ती वर्गात जाऊन बसे. तिथली मुलं नाक धरतात हे तिने घरी सांगितलं नाही. तिच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलीने मला सांगितलं.

ती मला कधी रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. एकदाच, कऱ्हाडच्या अड्ड्यावर माझं तोंड धुऊन देताना ती म्हणाली, "थोडं धरून ठेवता येत नाही का गं?" आणि लगेच, "नाही येत, माहीत आहे मला."

मी वाळत चालले तशी आईला धास्ती वाटू लागली. आठवड्याला सहा दिवसांचे चार दिवस झाले, मग तीन. उरलेले दिवस ताई घरीच बसून दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढी. ऑगस्टमध्ये चळवळ पेटली. शाळेत मुलं वर्गाबाहेर पडली, तारा तुटल्या, मोटर बंद झाली, जवळजवळ महिनाभर वडिलांचं पत्रही आलं नाही. बॉम्बच्या भीतीने आम्ही ज्या गावी आलो होतो त्या गावात रस्त्यावर शिपाई उभे, आणि मुंबईत एकही बॉम्ब पडला नव्हता. आई रोज दुपारी दाराशी टपालवाल्याची वाट बघत उभी राहायची. पण आपण परत जाऊ, असं म्हणण्याची तिची हिंमत नव्हती. कारण जायचं कुठे? वडिलांनी पार्ल्याची जागा सोडून मित्राच्या खोलीत पथारी टाकली होती.

मोटर पुन्हा सुरू झाल्यावर आबांनी काही दिवस स्वतः ताईबरोबर जाऊन बघितलं. "पोरीचं वरीस जाया नगं," ते म्हणायचे. दिवसभर ते शाळेसमोरच्या पारावर बसून राहत. पण उसाच्या लागणीचे दिवस आले, आणि त्यांचा पायही सुजला. मग परत मीच.

दिवाळीच्या थोडं आधी चाचणी परीक्षा होती. त्यात पास होईल त्याचाच मॅट्रिकचा फॉर्म शाळा पाठवणार. चार दिवसांची परीक्षा. पहिले दोन दिवस मी कशीबशी निभावले. तिसऱ्या दिवशी गणित होतं. आदल्या दुपारपासून मी काही खाल्लं नाही. पोटात काहीच नसलं तर बाहेर काय पडणार, असा माझा हिशेब. सकाळी ताईने विचारलं, "बरं आहे ना?" मी म्हटलं, "एकदम बरं आहे."

तळबीडच्या फाट्याजवळ माझ्या डोळ्यांपुढे अंधारलं. मी बाकावरून खाली पडले, असं नंतर कळलं. शुद्धीवर आले तेव्हा मोटर थांबलेली होती, मला रस्त्याकडेच्या बाभळीखाली निजवलं होतं आणि एक म्हातारी माझ्या तोंडावर पाणी मारत होती. पोटातून हिरवट पाणी येत होतं. ड्रायव्हर ताईला सांगत होता, "ताई, तुमी चला. तुमची परीक्षा हाय न्हवं? हिला या आजीपाशी बसू द्या. परतीच्या मोटरला मी हिला उंब्रजला सोडतो. माझ्या लेकीवानी हाय."

म्हातारीही म्हणाली, "जा गं माय. म्या बसते की हिच्यापाशी."

ताईने माझ्याकडे बघितलं. मग मोटरकडे बघितलं. तिने एक पाय मोटरच्या पायरीवर ठेवला होता. ते मला अगदी स्पष्ट आठवतं, कारण तिच्या वहाणेचा अंगठा तुटलेला होता आणि तिने तो सुतळीने बांधला होता.

मी उठून बसले आणि तिचा पदर धरला. मला त्या अनोळखी म्हातारीची भीती वाटली, एवढंच. गणित, परीक्षा, वर्ष, सगळं मला माहीत होतं. तरी मी पदर धरला.

ती खाली उतरली. ड्रायव्हर थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, "बाकीच्यांचाबी खोळंबा होतोय ताई," आणि मोटर निघून गेली.

दुपारपर्यंत दुसरी मोटर नव्हती. ऊन चढल्यावर आम्ही परत चालायला लागलो. म्हातारीने गुळाचा खडा दिला होता, तो मी चघळत होते. वाटेत ताईने मला दोनदा पाठंगुळी घेतलं. लष्कराच्या लॉऱ्या धूळ उडवत जवळून जात, तेव्हा आम्ही कडेच्या चरात उतरून उभ्या राहत होतो. मी म्हटलं, "ताई, तू उद्या जा. मी येत नाही. आबांना ने."

"उद्या संस्कृत आहे," ती म्हणाली. "गणित आज होतं."

आणखी बरंच चालल्यावर ती म्हणाली, "आईला सांगू नकोस तू पडलीस म्हणून. मोटर बिघडली म्हणून सांग." पण घरी पोचल्यावर मी आईला बघून रडले आणि सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आबा सुजलेल्या पायाने ताईला पेपराला घेऊन कऱ्हाडला गेले. हेडमास्तरांपुढे त्यांनी फेटा काढून ठेवला, असं म्हणतात. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "हवालदार, मला का कळत नाही? पण एका विषयाचा पेपरच नाही. मी एकीला सूट दिली तर बाकीच्यांना काय सांगू? पुढच्या वर्षी बसवा." आबा परत आले आणि आमच्या उंबऱ्यावर बसून राहिले. "लढाईत बी एवढा पांगळा झालो न्हवतो मी," एवढंच ते म्हणाले. आईने त्यांना चहा दिला. तो तसाच गार झाला.

दिवाळीला वडील आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ताईला म्हणाले, "पुढच्या वर्षी मुंबईतूनच बस. तोवर जागा बघतो." त्यांनी खरोखरच जागा बघितली. पण गेलेली माणसं परतू लागली होती आणि जागा मिळेना. पुढच्या वर्षी आईला दिवस गेले. सातव्या महिन्यापासून ती अंथरुणावर होती. सगळं घर ताईवर आलं. धाकटा भाऊ झाला. ताईने पुस्तकं कुठे ठेवली होती हे मला माहीत होतं, पण ती काढताना मी तिला बघितलं नाही. ती अठरा पुरी झाल्यावर सांगलीचं स्थळ आलं. हळदीच्या पेढीवर काम करणारा, निर्व्यसनी मुलगा. वडिलांनी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." ते आईचंच वाक्य होतं. वडिलांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ते उठून बाहेर गेले.

लढाई संपल्यावर आम्ही मुंबईला परतलो, एका खोलीत. मला ताईच्याच शाळेत घातलं. गाडीची आता मला काही बाधा होत नव्हती. ज्या वर्षी मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात मी सांगलीला ताईकडे गेले. घरभर हळदीचा वास, दोरीवर पिवळट पडलेली धोतरं. तिला दोन मुलं झाली होती. माझे गणिताचे मार्क ऐकून तिने ते शेजारणीला ओरडून सांगितले. कॉलेजात कोणते विषय घेणार हे तिने तीनदा विचारलं.

जेवताना मी हिय्या केला. म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी तुझा पदर धरला नसता तर तू गेली असतीस ना?"

ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "गेले असते."

मी मान खाली घातली.

"राग होता ना तुझा," ती म्हणाली. "दोन वर्षं होता. झोपलेली असायचीस तेव्हा तुझ्याकडे बघवायचं नाही मला. वाटायचं, हिच्या जागी दुसरी कुणी असती तर. मग लग्न झालं, मुलं झाली. राग कुठे गेला ते कळलं नाही. पण नव्हता असं कशाला सांगू?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "नऊ वर्षांची तर होतीस," ती म्हणाली. "भाजी घे आणखी."

मी भाजी घेतली. दुसरं काय करता येण्यासारखं होतं? बाहेरून तिचा धाकटा मुलगा गुडघे फोडून रडत आला आणि ती पिठाच्या हातांनीच त्याला उचलून घ्यायला उठली.