दोघांचं पाणी

गणपत गेल्याचं सांगायला सरूवहिनी स्वतःच आली. मी ओट्यावर दाढी करत होतो. "भाऊजी, हे सकाळी उठलेच नाही..." एवढंच बोलली. मी उरलेली अर्धी दाढी केली, सदरा चढवला आणि निघालो. घाटावर माणसं रडत होती. मला रडू आलं नाही. महिना होत आला, अजून नाही.

आम्ही एकाच गिरणीत, शेजारच्या मागांवर. होळी झाली की रजा टाकायची आणि पायी निघायचं, कन्हानचा पूल ओलांडून देवलापारच्या जंगलाकडे. वाटेत लोक विचारत, "कोणत्या देवाले गा?" गणपत म्हणे, "देव नाही ना काही नाही. पाय मोकळे करून राहिलो." ऐकणाऱ्याला वाटे, उन्हानं डोकं फिरलं.

पहिल्या खेपेला मी वळकटी, कंदील, छत्री, दोन धोतरं, पितळेचा गडवा असं सारं बांधून आणलं. गणपतनं गाठोड्याभोवती एक चक्कर मारली. "लग्नाले चालला काय गा? मंग वाजंत्री कुठं हायेत?" आणि एकेक वस्तू काढायला बसला. वळकटी कशाला, नदीची रेती रात्रीपर्यंत गरम राहते. कंदील कशाला, चांदणं आहे. मी छत्री सोडेना, तर म्हणतो, "भर दुपारी चालाचं काहून? झाडाखाली पडाचं." शेवटी फुटाणे, गूळ, कांदे, चाकू आणि एक दुपट्टा राहिला. तोच डोक्याला, तोच अंगाला, तोच पाणी गाळायला. कामठीपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. खांदे दुखले नाहीत, पण ते मी त्याला कळू दिलं नाही.

मला दुसरं धोतर नेऊ न देणारा हा माणूस स्वतः मात्र छागल तोंडापर्यंत भरून घ्यायचा. जाड कापडाची पाण्याची पिशवी ती, वाऱ्यानं पाणी गार होतं, पण भरली की खांदा मोडते. मी दरवर्षी मागायचो.

"तुह्यापाशी देली त दुपारच्या आत संपवशील."

"मी काय लहान पोट्टा हाओ?"

"नाही. ढोर हायस."

मग झाडाखाली थांबून तोच पुढे करायचा, "घे. दोन घोट. बस." मला राग यायचा. रागातच प्यायचो... इतकी वर्षं गेली, पण ती छागल एकदाही माझ्या खांद्यावर आली नाही.

यंदाही जायचं ठरलं होतं. तेरवी झाल्यावर मी घरी सांगितलं, मी जाणार. पोरगा म्हणाला, "बाबा, या वयात, एकटे?" मी म्हटलं, जाणार म्हणजे जाणार. गल्लीभर झालं, आता मागे फिरणं नाही. सरूवहिनीनं ऐकलं तशी छागल घेऊन आली. "तुम्हीच न्या. घरी नुसती लटकून राहिली."

उद्या निघायचं. गाठोडं बांधायला वेळ लागला नाही, बांधायला होतंच काय! मग नळाखाली छागल भरली. उचलून पाहिली. थोडं ओतलं, पुन्हा उचलली. पुन्हा भरली. सून दारातून विचारत होती, "मामंजी, काय करून राहिले जी?" मी पुन्हा थोडं ओतलं. तो दरवर्षी दोघांचं भरायचा. एका माणसाला किती लागतं, ते मला माहीत नाही.